बिल्यर्ड्‌झची काठी : जुनी व नवी

बिल्यर्ड्‌झ, स्नूकर व पूल या मेजावरील खेळांत चेंडूला टोला देण्यासाठी वापरण्यात येणारी लांब व निमुळती काठी. तिला क्यू असे म्हणतात. या सर्व खेळांच्या समूहालाही आता क्यू-क्रीडा असेच नाव रूढ झाले आहे. खेळाडूच्या उंचीस, हातास व खेळण्याच्या पद्धतीस अनुसरून एकेक काठी स्वतंत्रपणे घडवून देण्याची प्रथा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अशा काही कारागिरांच्या काठ्यांना एवढी कीर्ती लाभली, की त्यांची तुलना स्ट्राडिव्हेरियसच्या व्हायोलिनांशी होऊ लागली. त्यानंतरच्या काळात संगणकनियंत्रित यंत्रे, पाकळ्या जोडून केलेले दांडे व कार्बन तंतू यांचा वापर सुरू झाला आणि काठीची घडण पुष्कळच बदलली. जुनी काठी श्रेष्ठ की नवी, हा वाद तेव्हापासून चालू आहे. या वादात टोल्याचा नेमकेपणा, हाताला येणारा प्रत्यय आणि वस्तू म्हणून असलेले मोल या तीन निरनिराळ्या गोष्टींची बहुधा गल्लत केली जाते. त्या वेगळ्या करून पाहिल्याखेरीज तुलना अर्थपूर्ण होत नाही.

रचना : काठीचे पुढचा निमुळता दांडा व मागचा जाड बुंधा असे दोन मुख्य भाग असतात. दांड्याच्या टोकाशी धातूचे, हस्तिदंताचे वा प्लॅस्टिकचे कडे बसविलेले असून त्यावर टिप या नावाने ओळखली जाणारी चामड्याची घुमटाकार चकती चिकटविलेली असते. चेंडूशी प्रत्यक्ष संबंध येतो तो या चकतीचाच. इंग्लिश बिल्यर्ड्‌झ व स्नूकर यांची काठी साधारणतः १४७ सेंमी. लांब व ४८० ते ५४० ग्रॅ. वजनाची असते. तिचा दांडा बहुधा ॲश या लाकडाचा, कडे पितळेचे आणि टोक ९ ते १० मिमी. व्यासाचे असते. पूलमधील चेंडू मोठे व जड असल्याने त्या काठीचे टोक १२ ते १३ मिमी. जाड, दांडा मॅपल लाकडाचा आणि वजन ५१० ते ६०० ग्रॅ. असते. नियमांनी फारसे बंधन घातलेले नाही. स्नूकरची काठी तीन फुटांपेक्षा (सु. ९१ सेंमी.) आखूड नसावी आणि पूलची काठी २५ औंसांपेक्षा (सु. ७०९ ग्रॅ.) जड नसावी, एवढीच मुख्य मर्यादा आहे. त्यामुळे कारागिराला प्रयोगास भरपूर वाव राहतो.

दांडा व बुंधा यांचा सांधा हा काठीच्या घडणीतील कसोटीचा भाग होय. इंग्लिश पद्धतीत ॲशच्या दांड्याचे मागचे टोक चार बाजूंनी तिरके छाटून त्यावर एबनीचे वा अन्य गडद लाकडाचे तुकडे सरसाने बसवितात आणि मग सर्व काठी रंध्याने गोल करतात. गोलाई येत असता दोन लाकडांच्या संधिरेषा आपोआप कमानदार होतात. हाताने केलेल्या कामाची ती खूण मानली जाते. अमेरिकन पद्धतीत बुंध्यावर टोकदार भाल्यांसारखी नक्षी येते. चारही भाल्यांची टोके एका पातळीवर आणणे हे जुन्या कारागिराच्या हातोटीचे प्रमाण समजले जाई.

उगम व विकास : मोकळ्या हिरवळीवर खेळला जाणारा चेंडूंचा एक खेळ पंधराव्या शतकात यूरोपात मेजावर आला, असे सामान्यतः मानले जाते. प्रारंभी चेंडू ढकलण्यासाठी मेस नावाची, टोकाशी लाकडी ठोकळा असलेली काठी वापरीत. चेंडू मेजाच्या कडेला चिकटला, की हा ठोकळा अडचणीचा ठरे. अशा वेळी खेळाडू मेस उलटी धरून तिच्या शेपटाने टोला देत. क्यू हा शब्द शेपूट या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासूनच आला आहे. कालांतराने शेपूटच मुख्य साधन झाले व ठोकळा मागे पडला.

खऱ्या अर्थाने क्रांती घडविली ती टोकावरील चामड्याने. मिंगो या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तुरुंगवासात असताना काठीला चामड्याची टिप बसविली, असे सांगितले जाते. लाकडी टोक गुळगुळीत चेंडूवरून घसरत असे. चामडे क्षणभर चेंडूला धरून ठेवते आणि त्यामुळे चेंडूला हवी ती फिरकी देता येते. टिपेला खडू लावण्याची प्रथाही याच शतकात रूढ झाली. स्पिंक्स व हॉस्किन्स या अमेरिकनांनी १८९७ साली सिलिका व कुरुंदयुक्त द्रव्य यांपासून बनविलेल्या खडूचे एकस्व मिळविले. दरम्यान लंडनच्या जॉन थर्स्टनने मेजासाठी पाटीच्या दगडाचा पृष्ठभाग आणि रबरी कडा प्रचारात आणल्या, तर हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधताना अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने सेल्युलॉइडचे चेंडू तयार केले. मेज व चेंडू यांत अशी एकसारखी अचूकता आल्यावर काठीतील बारीकसारीक दोषही खेळाडूला जाणवू लागले. उत्तम काठीची मागणी वाढण्याचे हे मूळ कारण होय.

नामांकित जुने कारागीर : इंग्लंडमध्ये बरोज अँड वॉट्स, थर्स्टन, रायली, पेरॅडन या व्यवसायसंस्थांनी मेजांबरोबर काठ्याही बनविल्या. त्यांवर नामवंत खेळाडूंची नावे कोरलेली असत. अमेरिकेत मात्र कीर्ती एकट्या कारागिराला लाभली. शिकागोच्या हर्मन रॅम्बोने (मृ. १९६७) दीर्घकाळ ब्रन्सविक या उद्योगसंस्थेत काम केले. विली हॉप व विली मस्कोनी यांसारख्या श्रेष्ठ खेळाडूंनी त्याच्या काठ्या वापरल्या.

सर्वांत मोठे नाव जॉर्ज बालाबुश्का (१९१२–७५) याचे. रशियात जन्मलेला बालाबुश्का १९२४ मध्ये न्यूयॉर्कला आला. तो मूळचा सुतारकामातला. १९५९ साली त्याने ब्रुकलिन येथे मित्रांना भेट देण्यासाठी काही काठ्या केल्या आणि त्यांतून त्याचा व्यवसाय उभा राहिला. सोळा-सतरा वर्षांत त्याच्या हातून सुमारे हजार-बाराशे काठ्या तयार झाल्या असाव्यात, असा अंदाज आहे. त्याच्या पद्धतीतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बुंध्यातील जोडकाम तो पुष्कळदा स्वतः करीत नसे. ब्रन्सविकच्या टायटलिस्ट नावाच्या कारखानी काठ्यांचे, पुढे बर्टन स्पेन व गस सांबोटी या कारागिरांनी पुरविलेले ठोकळे घेऊन तो त्यांना अंतिम रूप देई. लाकडाची निवड, ते मुरू देण्यातील धीर, टप्प्याटप्प्याने केलेली कातणी, पोलादी सांध्याचा घट्ट बसाव व तोल यांत त्याचे कौशल्य होते. सांबोटी (मृ. १९८८) पुढे स्वतःच थोर कारागीर म्हणून मान्यता पावला.

बालाबुश्काचे नाव खेळाच्या वर्तुळाबाहेर पोहोचले ते १९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटामुळे. त्यात नायकाला मिळणारी काठी बालाबुश्काची म्हणून दाखविली आहे. प्रत्यक्षात ती जॉस या समकालीन अमेरिकन उत्पादकाची, जुन्या घडणीशी मिळतीजुळती अशी काठी होती. दंतकथा झालेल्या नावाची जागा चालू काळातील काठीने घ्यावी आणि बहुसंख्य प्रेक्षकांच्या ते ध्यानीही येऊ नये, ही गोष्ट या तुलनेच्या दृष्टीने सूचक आहे. जुन्या काठीची ओळख दिसण्यात जेवढी असते, त्याहून अधिक ती तिच्या इतिहासात असते.

भारतातील परंपरा : बिल्यर्ड्‌झ भारतात आले ते ब्रिटिश लष्करी छावण्या व क्लब यांच्याबरोबर. स्नूकरचा तर जन्मच येथे झाला. जबलपूरच्या छावणीत १८७५ साली नेव्हिल चेंबरलिन या तरुण लष्करी अधिकाऱ्याने जुन्या खेळांत रंगीत चेंडूंची भर घालून हा खेळ बनविला व पुढे उटकमंड येथील क्लबात त्याचे नियम निश्चित झाले. मुंबई व पुणे येथील क्लब व जिमखाने यांच्या बिल्यर्ड्‌झ कक्षांतून हा खेळ भारतीयांत रुजला. कक्षाच्या भिंतीवरील मांडणीत सर्वांसाठी काठ्या ठेवलेल्या असत. निष्णात खेळाडू मात्र स्वतःची काठी वेगळ्या, कुलूप असलेल्या पेटीत ठेवीत.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स (१९२२–२००३) यांनी १९५८ मध्ये कलकत्ता येथे बिल्यर्ड्‌झचे जागतिक हौशी विजेतेपद मिळविले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते म्हणून त्यांचा गौरव केला जातो. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी हे पद पुन्हा जिंकले. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ व १९८३ या वर्षी जागतिक हौशी विजेतेपद पटकावले. १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ गुणांची सलग खेळी केली. मुंबईचेच ओम अगरवाल हे १९८४ मध्ये डब्लिन येथे स्नूकरचे जागतिक हौशी विजेते ठरले. टोल्याच्या विचलनाचा शास्त्रीय अभ्यास करून बनविलेले दांडे बाजारात येण्यापूर्वीची ही कामगिरी आहे. आयातीवर कडक निर्बंध असल्याने त्या काळी परदेशी काठी मिळविणे भारतीय खेळाडूला सोपे नव्हते. त्यामुळे हाती आलेली चांगली काठी वर्षानुवर्षे जपली जाई. टिप बदलणे, दांडा घासणे, सांधा दुरुस्त करणे ही कामे क्लबातील जाणकार मार्कर करीत. मार्कर म्हणजे मूळचा गुण मांडणारा सेवक. पण व्यवहारात तोच पुष्कळदा नवशिक्यांचा शिक्षक व काठ्यांचा वैद्य असे.

इंग्लिश बिल्यर्ड्‌झमध्ये मोठी खेळी उभारायची, तर तिन्ही चेंडू जवळजवळ ठेवून हलक्या हाताने शेकडो टोले द्यावे लागतात. अशा खेळात जोरकस टोल्याच्या विचलनापेक्षा चेंडूचा स्पर्श काठीतून हाताला कसा कळतो, याला महत्त्व असते. म्हणून या परंपरेत वाढलेल्या खेळाडूंचा ओढा मुरलेल्या ॲशच्या काठीकडे राहिला. तिचा मोठा शत्रू म्हणजे कोकण किनाऱ्यावरील दमट हवा. पालघर जिल्ह्यातील दातिवरे, केळवे यांसारख्या समुद्रकाठच्या गावांत पावसाळ्यात लाकडी दारे फुगून चौकटीत अडकतात, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. मुंबईच्या बिल्यर्ड्‌झ कक्षातील काठीवरही हीच हवा परिणाम करते. लाकूड ओल शोषते, पुढे वाळताना एका बाजूने अधिक आकसते आणि काठीला बाक येतो. मेजावरील लोकरी कापडही ओलीमुळे जड होते. काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये, वापरानंतर कोरड्या कापडाने पुसून ती पेटीत ठेवावी, हे दंडक अशा अनुभवातून आले.

आधुनिक काठ्या : चेंडूच्या मध्यापासून डावीकडे वा उजवीकडे टोला दिला, की चेंडूला बाजूची फिरकी मिळते. त्याच वेळी चेंडू काठीच्या दिशेने न जाता टोल्याच्या विरुद्ध बाजूस किंचित सरकतो. साध्या लाकडी दांड्याने जास्तीत जास्त फिरकी देताना हे विचलन दोन अंशांच्या आसपास असू शकते. दोन मीटर अंतरावर त्यामुळे सु. सात सेंमी.चा फरक पडतो. हे अंतर पूलच्या चेंडूच्या व्यासाहून (सु. ५·७ सेंमी.) अधिक आहे. जुने खेळाडू सवयीने नेम तेवढा बदलून घेत. आपल्या काठीचे विचलन त्यांच्या हातात मुरलेले असे आणि म्हणूनच परकी काठी त्यांना चालत नसे.

विचलनाचे प्रमाण मुख्यतः दांड्याच्या टोकाकडील काही सेंमी. भागाच्या वस्तुमानावर अवलंबून असते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगांनी स्पष्ट झाले. प्रेडेटर या अमेरिकन उत्पादकाने १९९० नंतरच्या दशकात टोकाशी आतून पोकळ, आखूड व हलके कडे असलेले आणि लाकडाच्या पाकळ्या एकत्र चिकटवून बनविलेले दांडे प्रचारात आणले. त्यांमुळे विचलन पूर्णपणे नाहीसे होत नाही, पण बरेच कमी होते. पाकळ्यांच्या रचनेचा आणखी एक लाभ असा, की काठी कोणत्याही बाजूने फिरवून धरली, तरी तिचे वर्तन सारखेच राहते. एकसंध लाकडात रेषांच्या दिशेनुसार लवचिकपणा बदलतो. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कार्बन तंतूंचे दांडे पूलमध्ये रूढ झाले. ते ओल शोषत नाहीत व वाकत नाहीत. समुद्रकाठच्या प्रदेशात हा गुण विशेष मोलाचा आहे. बुंध्यावरील नक्षीकामही संगणकनियंत्रित यंत्रांनी केसाएवढ्या फरकाशिवाय करता येते. दुसरीकडे, लंडनच्या जॉन पॅरिससारख्या कारागिरांनी खेळाडूच्या मापाची ॲशची काठी हाताने घडविण्याची परंपरा चालू ठेवली.

तुलना : वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी नेमकेपणा मोजता येतो आणि त्या बाबतीत निर्णय नव्या काठीच्या बाजूने जातो. सरळपणा, एकसारखेपणा, हवेचा प्रतिकार व कमी विचलन या चारही कसोट्यांवर आजची मध्यम किंमतीची काठीसुद्धा पूर्वीच्या पुष्कळशा नामांकित काठ्यांची बरोबरी करते वा त्यांच्या पुढे जाते. जुन्या कारागिराला शंभर दांड्यांतून एक निवडावा लागे. आज तो गुण प्रत्येक दांड्यात योजून आणता येतो.

दुसरी गोष्ट, हाताला येणारा प्रत्यय, ही काठी व खेळाडू या दोघांत मिळून असते. स्कॉटलंडचा स्टीव्हन हेंड्री याने १९९० ते १९९९ या काळात स्नूकरची सात जागतिक विजेतेपदे मिळविली. किशोरवयापासून तो वापरीत असलेली साधी व स्वस्त काठी २००३ मध्ये विमानप्रवासात मोडली. नव्या काठीने त्याने त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. जागतिक विजेतेपद मात्र त्याला पुन्हा मिळाले नाही. अर्थात शेवटचे विजेतेपद आणि काठीचे मोडणे यांत चार वर्षांचे अंतर असल्याने सर्व दोष काठीवर टाकता येत नाही. एवढे मात्र दिसते, की ज्या काठीशी एवढे यश निगडित होते, ती कोणा विख्यात कारागिराची नव्हती. दीर्घ सहवासाने ती अद्वितीय झाली होती. हा गुण नव्या काठीलाही येऊ शकतो. पण खेळाडू दर दोन वर्षांनी काठी बदलू लागला, तर तो येण्यास अवसर राहत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे वस्तू म्हणून असलेले मोल. बालाबुश्का वा सांबोटी यांच्या काठ्या आता मुख्यतः संग्राहकांच्या हाती असून त्यांची किंमत खेळातील उपयोगावर ठरत नाही. संख्येची मर्यादा, कारागिराचे नाव व पूर्वीच्या मालकाची कीर्ती यांवर ती ठरते. अशी काठी खेळासाठी वापरली, तर तिचे मोल उलट घटते.

सामग्रीचा प्रश्न : जुनी काठी जशीच्या तशी पुन्हा घडविणे आता अवघड झाले आहे, ते कौशल्याच्या अभावी नव्हे. आफ्रिकी हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला. भारतातही १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमात आयात हस्तिदंताचा व्यापार समाविष्ट झाला. हस्तिदंती कडे असलेली जुनी काठी घेऊन देशाच्या सीमा ओलांडणे त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने जिकिरीचे झाले आहे. बुंध्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रोजवुडपैकी ब्राझीलच्या जातीवर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. २०१७ पासून तर शिसवीच्या संपूर्ण प्रजातीचा व्यापार नियंत्रणाखाली आला. सह्याद्रीतील शिसव याच प्रजातीतील आहे. एबनीचे लाकूड देणारे वृक्ष आणि विडीच्या पानांसाठी आपल्याकडे परिचित असलेली टेंभुर्णी हीही एकाच प्रजातीतील होत. जगातील चांगल्या एबनीचे साठे अतितोडीने घटले आहेत.

ॲशची स्थितीही चिंताजनक आहे. यूरोपात एका कवकजन्य रोगाने या वृक्षांची मोठी हानी केली असून ब्रिटनमध्ये तो रोग २०१२ मध्ये आढळला. काठ्यांसाठी मुख्यतः उपयोगात येणाऱ्या उत्तर अमेरिकेतील ॲशला २००२ पासून एका हिरव्या, खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने ग्रासले आहे व तेथील कोट्यवधी वृक्ष त्यामुळे नष्ट झाले आहेत. दाट व सरळ रेषांचे लाकूड मिळण्यासाठी वृक्ष सावकाश वाढलेला असावा लागतो. आज लावलेल्या रोपापासून तसा दांडा मिळण्यास काही पिढ्या जाव्या लागतील. त्यामुळे पाकळ्या जोडून केलेले व कार्बन तंतूंचे दांडे यांकडे केवळ विचलन कमी करणारी सुधारणा म्हणून पाहून चालत नाही. दुर्मिळ होत चाललेल्या लाकडाला तो एक पर्यायही आहे. आज क्लबांच्या पेट्यांतून व घराघरांतून पडून असलेल्या जुन्या ॲशच्या काठ्यांचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. त्या नव्या काठ्यांहून अचूक नसतीलही. परंतु ज्या लाकडापासून त्या घडल्या, तसे लाकूड पुन्हा सहजी मिळणार नाही. म्हणून त्यांची योग्य निगा राखणे व शक्य तोवर त्या वापरात ठेवणे इष्ट ठरते.